बदक चालतं

लोक विचारतात, तुम्ही काय करता? मी म्हणते, खेळणी मोडते. मग लोक हसतात आणि मला राग येतो. कारण मी खरंच खेळणी मोडते, आणि ती मोडावीत म्हणूनच सरकारने मला खुर्ची दिली आहे. बाजारातून आणलेली बाहुली, गाडी, खुळखुळा, जे येईल ते मी आधी पिळते, मग ओढते, मग लोखंडी पाटावर आपटते. जो तुकडा निघेल तो एका नळीत टाकून बघते. ती नळी लहान मुलाच्या घशाएवढी आहे, म्हणून आमच्या प्रयोगशाळेत तिला 'घसा'च म्हणतात. तुकडा घशात मावला की खेळणं नापास. यात हसण्यासारखं काय आहे, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

या कामाने एक खोड लागली. वस्तू हातात आली की मी ती आधी उलटी करते. चमचा असो, चप्पल असो, नाही तर कुणी प्रेमाने आणलेली भेट असो. आमचे हे सगळ्यांना सांगतात, "हिने मला पसंत केलं तेव्हा उलटं करून बघितलं नाही, हे माझं नशीब." मी म्हणते, तिथेच तर फसले.

हे पोस्टमन होते. आयुष्यभर पायी फिरले, उन्हातान्हात, चढउतारावर. आणि अशा माणसाची नात, दीड वर्षाची झाली तरी, चालेना. ठेवाल तिथे बसायची. रांगायचासुद्धा आळस. लाडाने आम्ही तिला गाठोडं म्हणायला लागलो, आणि तेच नाव चिकटलं. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत आहेत, तिला वाटेल तेव्हा उठेल. पण डॉक्टरांना काय जातं म्हणायला? आमची सून रोज संध्याकाळी खिडकीतून खालच्या अंगणातली दुसऱ्यांची पोरं धावताना बघायची आणि काही न बोलता आत यायची. मुलगा बोटीवर कामाला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. तो फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचा. मग सून विषय बदलायची.

शेवटी मी बदक आणलं. चाकांवरचं पिवळं बदक, पाठीला उंच दांडा. दांडा धरून ढकललं की दोन्ही पाय फटक फटक आपटत बदक पुढे जायचं आणि पोटातल्या गोल चपट्या सेलवर क्वॅक क्वॅक ओरडायचं. अर्थात मी ते दुकानातच उलटं केलं होतं. पोटाला खटक्याचं झाकण होतं. मी नखाने उचकटून पाहिलं, पिळून पाहिलं, नाही निघालं. दुकानदार डोळे वटारून बघत होता. बघू दे.

आणि चमत्कार! गाठोडं उठलं. दांड्याला लोंबकळून उभं राहिलं, आणि एक पाऊल, दुसरं पाऊल. बदक ओरडलं की ती थांबून खदखदा हसायची, मग पुन्हा ढकलायची. पण दांडा सुटला की मटकन खाली. बदक असेल तर पाय, नाही तर बूड. तरी घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. हे तर तिच्या मागे मागे "शाबास! पुढचं घर!" करत फिरायचे.

आता आमच्या पाहुण्यांकडे येते.

दरवर्षी बरेच देश मिळून एक मोहीम काढतात. एकच प्रकारचं खेळणं आपापल्या बाजारातून उचलायचं, सगळ्यांनी एकाच रीतीने तपासायचं, आणि ठरलेल्या सोमवारी एकत्र निकाल लावायचा. तोवर दुकानदारांनी माल मागच्या खोलीत ठेवायचा. यंदा ढकलायची खेळणी निघाली, आणि त्यात नेमकं आमचं पिवळं बदक. मला धास्ती वाटली नाही म्हटलं तर खोटं होईल. पण मी स्वतः उचकटून पाहिलं होतं ना, म्हणून मनाला समजावलं.

आपली परीक्षा आपणच तपासायची नाही, असा या मोहिमेचा नियम. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेत दुसऱ्या देशाचा माणूस येऊन बसतो, आणि निकाल तोच सगळ्यांच्या सामाईक पानावर चढवतो. आमच्याकडे जे आले ते ताडमाड उंच, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेले, आणि स्वभावाने इतके गोड की रागवायची सोय नाही. कामापुरती दोघांना येणारी एक भाषा होती, पण त्यांना आपलीच भाषा बोलायची हौस. त्यांच्या इमारतीत आपल्याकडची एक आजीबाई राहते, तिच्याकडून शिकून आले होते. आजीबाईने सांगितलं होतं म्हणे, "एक शब्द पक्का कर, 'चालेल'. त्याच्यावर तुझा अख्खा महिना निघेल."

आणि निघत होता! चहा घेणार? चालेल. खिडकी उघडू? चालेल. ही खुर्ची जरा डुगडुगते, बसाल? चालेल. बसले आणि पडले, तरी खालून म्हणाले, "चालेल." शिवाय आजीबाईने 'तू' म्हणायचं नाही असं बजावलेलं, त्यामुळे ते सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणायचे. एकदा बदक उचलून आपटण्याआधी त्याला म्हणाले, "माफ करा, तुम्ही आता पडा." त्या दिवशी अख्खी प्रयोगशाळा पोट धरधरून हसली.

तो शुक्रवार मात्र मला हसवणारा नव्हता. आमचे साहेब पाहुण्यांना बाजारात घेऊन गेले होते, दुकानांतून माल खरंच मागे ठेवलाय का ते दाखवायला. मी एकटी बदकं आपटत होते. एकदा आपटलं, काही नाही. पुन्हा आपटलं, काही नाही. मग पडताना ते कुशीवर पडलं, टक्क आवाज झाला, खटका सुटला आणि पोट उघडलं. सेल घरंगळत कपाटाखाली गेला. मी गुडघे टेकून तो काढला आणि घशात टाकला. सुळकन गेला.

हा सेल नाण्यासारखा दिसतो, पण नाणं परवडलं. गिळला तर नुसता अडकत नाही, ओल लागली की आतून जाळत सुटतो. समोर बदक पालथं पडलं होतं आणि मला दिसत होतं आमचं गाठोडं, जे हातात येईल ते आधी तोंडात घालणारं. मला त्या बदकाचा असा संताप आला की मी ते सरळ केलं आणि दांडा धरून जोरात ढकललं. तर काय! पोट फुटलेलं, आवाज गेलेला, आणि तरी फटक फटक पाय आपटत जणू काही झालंच नाही असं ते दारापर्यंत गेलं.

दारात पाहुणे उभे. बाजारातून नुकतेच आले होते. बदक त्यांच्या पायाशी येऊन थांबलं. त्यांनी खुशीत विचारलं, "मावशी, बदक चालतं?"

"चालतं की!" मी ओरडले. "पडलं तरी चालतं! आपटलं तरी चालतं! मेल्याला काही लाज आहे का!" आणि पर्स उचलून मी तडक घरी निघाले. निघताना मागून त्यांचं "वा वा!" ऐकू आलं. माणसाला वेळकाळ कळत नाही, असं तेव्हा मनात आलं.

घरी गाठोडं बैठकीत बदक ढकलत होतं. मी गेले आणि हातातून बदक काढून घेतलं. ती मटकन बसली आणि तिने असा टाहो फोडला की शेजारचं दार उघडलं.

"आई! अहो हे काय करताय?" सून स्वयंपाकघरातून धावत आली.

मी सांगितलं. सेल, खटका, घसा, सगळं. ती शहाणी मुलगी आहे, तिला एका वाक्यात कळलं. पण डोळे भरलेच. "बरोबर आहे तुमचं. पण आज ती भिंतीपासून दारापर्यंत गेली होती हो. पहिल्यांदाच."

मी सेल काढून टाकला, झाकणावर चिकटपट्टीचे वेढे दिले आणि बदक कपाटाच्या माथ्यावर ठेवलं. सेल काढल्यावर देता आलं असतं, असं हे म्हणाले. पण चाकाजवळ आपटून एक बारीक चीर गेलेली मला दिसली होती, आणि तुकड्याबद्दल माझ्याशी वाद घालायचा नाही. शनिवारभर गाठोडं कपाटाखाली बसून वर बघत होतं. उभं केलं की पाय दुमडून घ्यायची. पुन्हा होतं ते गाठोडं. सून माझ्याशी नीट बोलत होती, आणि तेच मला जास्त लागत होतं.

रविवारी दुपारी पाहुण्यांना जेवायला बोलावलं होतं. आधीच ठरलेलं, मोडता येईना. ते आले, बुटांचे बंद सोडताना गाठोड्याला वाकून म्हणाले, "तुम्ही कशा आहात?" गाठोड्याने त्यांच्या चष्म्याची दोरी तोंडात घातली. जेवताना सून वाढायला आली की पाहुणे "चालेल" म्हणायचे, आणि ताट पुन्हा भरायचं. बिचाऱ्यांचा चेहरा घामाने डबडबला. 'पुरे' हा शब्द आजीबाईने शिकवलाच नव्हता.

मग त्यांचं लक्ष कपाटावर गेलं. "बदक वर का?"

"आईंनी ठेवलंय," सून म्हणाली. तिचा आवाज जड झाला. "बदक काय, चालतं हो. आमचं बाळच चालत नाही."

पाहुण्यांचा घास हातातच राहिला. "बाळ... चालत नाही?"

"नाही ना," हे म्हणाले. "सगळ्यांची चालतात. आमचंच तेवढं चालत नाही. काय करणार, नशीब!"

पाहुण्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते खुर्ची मागे सारून उभे राहिले. "का चालत नाही? किती सुंदर बाळ! शरम वाटायला पाहिजे! तुम्हाला चालत नसेल तर..." ते थांबले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "मला चालेल! मी नेतो!"

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग सून फुस्स करून हसली, शुक्रवारपासून पहिल्यांदा. मग हे हसले, मग मी. हसता हसता मात्र माझ्या डोक्यात काहीतरी खट्टकन वाजलं, त्या खटक्यासारखंच. हसू जागच्या जागी विरलं.

"पाहुणे, बसा बघू," मी म्हणाले. "आणि मला सांगा, 'चालतं' म्हणजे काय?"

"चालतं म्हणजे बरं आहे. मान्य आहे. पास."

"आणि शुक्रवारी मी बदकाबद्दल काय म्हणाले?"

"चालतं." त्यांनी बोटांवर मोजत आठवलं. "पडलं तरी पास. आपटलं तरी पास. आणि 'मेल्या', ते आजीबाई मला प्रेमाने म्हणते. मी लिहिलं. बदक, फार मजबूत, पास."

अरे देवा! मी कपाळावर हात मारला. म्हणजे सामाईक पानावर आमचं बदक पास होऊन बसलं होतं. सोमवारी सकाळी निकाल लागला की मागच्या खोल्यांतली सगळी बदकं पुन्हा दुकानांच्या दर्शनी फळीवर. घराघरांतली गाठोडी ती ढकलणार, पाडणार, आणि पुढचं मला बोलवेना.

पाहुण्यांना अजून उलगडा झाला नव्हता. तेव्हा हे उठले. पोस्टमनच ते. खांद्यावर थैली असल्यासारखा खांदा कलता करून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेले. "हे चालणं." परत येऊन ताटावर बसले, मान डोलावली. "आणि हे चालेल. बदक पहिलं करतं, दुसरं नाही. बाळ दुसरं आहे, पहिलं करत नाही."

पाहुणे बघतच राहिले. "एकच शब्द?"

"एकच."

"तुम्ही लोक जगता कसे?"

"चालवून घेतो," हे म्हणाले.

पुढे पाहुण्यांचा चेहरा उतरला तो बघवेना. माणूस डोकं धरून बसला. मी म्हटलं, "रडायला वेळ नाही, खोडून टाका ते." तर नियम असा की पानावर चढलेला निकाल खोडायचा तर सगळ्या देशांनी हो म्हटलं पाहिजे. आणि रविवार. मी म्हटलं, लावा फोन. ताटं तशीच राहिली आणि टेबलावर पाहुण्यांचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला.

एकेक चेहरा दिसायला लागला. एकजण बागेत मातीने हात भरलेले, एक बाई केसांना टॉवेल गुंडाळलेली, एकजण कुणाच्या तरी लग्नात आणि मागे बँड. पाहुण्यांनी कामाच्या भाषेत, घाम पुसत, 'चालतं'ची सगळी कथा सांगितली. एवढ्या दूरवरून एवढी माणसं एकदम हसली की फोन तांब्यावरून घसरला. पण हसून झाल्यावर सगळ्यांनी हो म्हटलं. एक सोडून.

ती होती एक चष्मेवाली, रविवारीही आपल्या कार्यालयात बसलेली. असतात अशी माणसं. ती म्हणाली, "आमचं बदक खरोखर पास झालं. कितीही आपटलं तरी झाकण निघालं नाही. बदक तेच, रीत तीच. मग आपटण्यात काहीतरी गडबड असणार. तुमच्या नाही तर आमच्या."

आमच्या! माझ्या आपटण्यात गडबड! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या हातांनी मी हत्ती मोडलेत, आगगाड्या मोडल्यात. मी काहीतरी खरमरीत बोलणार तेवढ्यात सुनेने हळूच माझ्या दंडाला धरलं. "आई, तुम्ही नेहमी काय करता? ते करायला सांगा ना तिला."

किती साधी गोष्ट! आणि आम्हा जाणत्यांपैकी कुणाला सुचली नाही, कारण सगळे निकालाकडे बघत होतो. मी फोनसमोर तोंड नेलं. "बाई, तुमचं बदक उलटं करा."

तिने उलटं केलं. ह्यांनी स्टूल घेऊन कपाटावरचं आमचं बदक काढलं, मी चिकटपट्टी सोडली आणि तेही उलटं धरलं. तीच चोच, तोच पिवळा रंग, त्याच ठशातलं पोट. पण तिच्या बदकाच्या झाकणाला स्क्रू होता. आमच्याला खटका.

नुसता बँड वाजत होता.

"आमच्या नियमात स्क्रू लागतोच," चष्मेवाली सावकाश म्हणाली. "तुमच्या नियमात?"

"आमच्या नियमात 'झाकण घट्ट असावं' एवढंच आहे," मी म्हणाले. आणि मग मला जे कळलं त्याने राग कमी झाला नाही, पण त्याचं तोंड फिरलं. कारखाना एकच. जो देश विचारतो त्याला स्क्रू, जो चालवून घेतो त्याला खटका. आमची पोरं काय वाऱ्यावर पडली आहेत? मी हे त्यांच्यासमोर बोलले, आपल्याच भाषेत, आणि पाहुण्यांनी एक शब्दही न चुकता पुढे सांगितलं. टॉवेलवाली बाई म्हणाली, "थांबा, आमच्या पोटाला काय आहे ते मी बघितलंच नाही." बागेतला म्हणाला, "मीही."

चष्मेवालीने हो म्हटलं. निकाल खोडला गेला. आणि सोमवारी सकाळी निकालाच्या आधी सामाईक पानावर पोटंच पोटं आली. निम्म्यांना स्क्रू, निम्म्यांना खटका.

आमचे साहेब स्वभावाने 'बघू' म्हणणारे. त्या दिवशी मात्र मला बोलावून म्हणाले, "मावशी, आपण एकटे ओरडलो असतो तर कारखान्याने हीच बदकं उचलून शेजारच्या बाजारात ओतली असती. दरवेळी तेच होतं. यंदा सगळ्यांनी एकाच दिवशी, एकच ओळ लिहायची." आणि लिहिली. खटक्याचं बदक कुठल्याच देशात विकता येणार नाही. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, पण इतके हात एकदम वाजले की कारखान्याला ऐकू जाणारच. आधी त्यांनी 'तुमच्या नियमात लिहिलेलं नाही' असं उत्तर दिलं. मग त्यांना कळलं की आता विचारणारा एकटा राहिलेला नाही. बाजारातली, घराघरांतली सगळी खटकेवाली बदकं परत गेली, आणि बदल्यात स्क्रूवाली यायची ठरली.

प्रयोगशाळेत मी भिंतीवर कागद चिकटवला, 'या खोलीत कुणीही "चालतं" म्हणू नये. पास किंवा नापास म्हणावे.' त्यावर पहिली सही पाहुण्यांनी केली. पहिला नियम मोडला साहेबांनी, आत येऊन वर बघत म्हणाले, "काय हो, पंखा चालतो का?" पाहुण्यांनी गंभीर चेहऱ्याने कागदाकडे बोट दाखवलं. "साहेब, पंखा पास."

इकडे मी हसत होते, पण घरी जायला पाय उचलत नव्हते. आमचं बदक परत गेलं तेव्हा सुनेने स्वतः ते खोक्यात घातलं. गाठोडं रोज सवयीने सरकत कपाटाखाली जाऊन बसायचं आणि रिकाम्या माथ्याकडे बघायचं. ह्यांनी दांड्याऐवजी खुर्ची देऊन पाहिली, छत्री देऊन पाहिली, स्वतःचं बोट दिलं. तिने छत्री चावली, बोटही चावलं, उठली मात्र नाही. एका संध्याकाळी सून म्हणाली, "आई, मीच उगीच आस लावून बसले. ती चालत होती कुठे, बदक चालत होतं." मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जगातली पोरं वाचवायला निघाले आणि घरातलीचा आधार काढून घेतला, असंच मला तेव्हा वाटत होतं.

नवी बदकं आली ती पाहुण्यांच्या जायच्या आदल्या दिवशी. मी ती आपटली. कुशीवर, पाठीवर, चोचीवर. पिळली, ओढली. नियमात नव्हतं तेही केलं, दाताने झाकण चावून पाहिलं. पाहुणे चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पास," मी म्हणाले. "ऐकलंत ना? पास. लिहा पास."

"पास," ते म्हणाले आणि लिहिलं, मग पान वळवून मला दाखवलं.

बाजारात नवं बदक आलं त्याच दुपारी पाहुण्यांनी आणि मी जाऊन ते घेतलं. दुकानदार तोच. मी उलटं करण्याआधी त्यानेच ते उलटं करून माझ्यासमोर धरलं.

घरी पाहुणे बैठकीत भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि बदक पुढ्यात ठेवलं. गाठोडं पलीकडच्या टोकाला, कपाटाखाली. आधी तिने पाहिलंच नाही, वरच बघत होती. मग पाहुण्यांनी दांडा जरासा हलवला. क्वॅक.

तिची मान गर्रकन फिरली. बदक! तिने कपाटाचं दार धरलं आणि उठली. आता ती पुन्हा खाली बसून रांगेल, असं मला वाटलं. सुनेच्या हातात ओला फडका होता, तो तसाच थेंब थेंब गळत राहिला. गाठोड्याच्या आणि बदकाच्या मधे धरायला काही नव्हतं, ना दांडा, ना खुर्ची, ना कुणाचं बोट. ह्यांनी पुढे व्हायला पाय उचलला, मी त्यांचा सदरा मागून पकडला. "थांबा हो जरा."

तिने दार सोडलं. डुलली. एक पाऊल टाकलं, मग घाईघाईने आणखी, हात वर, पोट पुढे, नेमकी त्या बदकासारखीच फटक फटक. आणि सगळी बैठक ओलांडून, कशालाही न धरता, पाहुण्यांच्या गुडघ्यावर जाऊन आदळली.

घरात जो आरडाओरडा झाला तो मी सांगू शकणार नाही. हे "आली, टपाल आलं!" असं काहीतरी ओरडत होते. सून हसत होती की रडत होती, तिलाच माहीत. माझ्या गळ्यात येऊन पडली, ओल्या फडक्यासकट. मीही रडले, मनसोक्त रडले, त्यात लपवायचं काय?

गाठोड्याला आमचं काही पडलेलं नव्हतं. तिने दांडा धरला नाही, बदक ढकललंही नाही. मांडीवर ओढून आधी ते उलटं केलं, आणि झाकणाला नख लावलं.

"आजीचीच नात!" हे म्हणाले.

पाहुणे माझ्याकडे बघत होते. ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता. शेवटी त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "मावशी, आता तो शब्द चालेल?"

"चालेल," मी म्हणाले.

ते उठून उभे राहिले, चष्मा सारखा केला आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "बाळ चालतं!"

गाठोडं अजून झाकणाशी झटत होतं. नख लावून झालं, मग दात लावून झाले. झाकण निघालं नाही.